कुठं लागली?

"छातीवर लागली, असं लिहा," सुभेदार म्हणाले.

मी वहीतून मान वर केली. आम्ही त्यांच्या घरापुढच्या अंगणात बसलो होतो. ते लाकडी खुर्चीवर, ताठ. मी बाजेवर. सकाळचे साडेनऊ वाजले होते. रंगराव मुळीक, सैन्यातून नायब सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, वय एकसष्ट. सगळं खिरवडी गाव त्यांना सुभेदार आबा म्हणे. आठ दिवसांनी त्यांच्या मुलाचं, उत्तमचं, वर्षश्राद्ध होतं. त्या दिवशी आमच्या पेपरात त्याच्यावर माझा लेख यायचा होता.

"पाठीत लागली हो, सर," दारातून आवाज आला. वैजयंता, उत्तमची धाकटी बहीण, हातात तांदळाचं सूप घेऊन उंबऱ्यात उभी होती. "इथं, खवाट्याच्या खाली. बोटाच्या पेराएवढं भोक. सदरा मीच कापून काढला. मागची जखम बारकी, पुढची मोठी. मागनं शिरली आणि पुढनं बाहेर पडली. आबांना विचारा की, त्यांनी काय कमी बघितल्यात?"

"वैजू, चहा टाक."

"टाकलाय."

"मग साखर बघ."

ती हलली नाही. सुभेदार तिच्याकडे न बघता मला म्हणाले, "कोष्टीसाहेब, ह्या गावात घरटी एक माणूस फौजेत गेलाय. कुणी गेल्याची तार आली की बायका हंबरडा फोडायच्या आधी म्हातारी माणसं एकच विचारतात. कुठं लागली? माझ्या चुलत्याला छातीत लागली होती. त्याची आई चौथ्या दिवशी पाण्याला गेली, मान वर करून. खालच्या आळीतल्या एकाला पाठीत लागली. तो खरं तर जखमी गड्याला ओढून आणत होता. पण ऐकतंय कोण? त्याचा बाप पुढं बारा वर्षं चावडीवर चढला नाही."

"हे काय युद्ध होतं, आबा?" वैजयंता म्हणाली. "दादा गतिरोधक मागायला गेला होता."

"गोळी ती गोळीच."

"मग पोलीस म्हणतात तेच तुम्ही म्हणताय."

वैजयंता आत गेली आणि भांडी जरा जोरात वाजली.

उत्तम कसा मेला ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं. तो गेला त्याच्या आधीच्या नोव्हेंबरात खिरवडी फाट्यावर खडीच्या डंपरखाली सातवीतली एक मुलगी गेली. गावानं गतिरोधक मागितला. दोन महिने अर्ज ह्या टेबलावरून त्या टेबलावर फिरला. तेवीस जानेवारीला गावानं रास्ता रोको केला. मी फाट्यावरच्या खानावळीच्या गच्चीवर उभा होतो. अकरा वीसला पहिला दगड आला. अकरा पंचवीसला लाठीमार सुरू झाला. जमाव फुटला आणि शेजारच्या उसाकडे पळाला. रस्ता रिकामा झाला. त्यानंतर, माझ्या घड्याळात अकरा एकतीसला, एका पोलिसानं गुडघा टेकला आणि तीन गोळ्या झाडल्या. गच्चीपासून पावणेदोनशे पावलांवर, उसाच्या बांधावर, निळ्या सदऱ्यातला एक मुलगा पालथा पडला. पुन्हा उठला नाही. उत्तम मुळीक, वय तेवीस, मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात कारागीर.

दुसऱ्या दिवशी माझी बातमी आली. तिच्यात एकही विशेषण नव्हतं. "जमाव पांगून उसाच्या शेताकडे पळत असताना पोलिसांनी तीन गोळ्या झाडल्या," असं वाक्य होतं आणि पुढं वेळ होती. पोलिसांच्या कागदात वेगळं होतं. त्यांनी दंगलीचा गुन्हा नोंदवला आणि आरोपी क्रमांक एक म्हणून मयत उत्तम रंगराव मुळीक याचं नाव घातलं. त्यानं जमावाचं नेतृत्व केलं आणि तो कोयता घेऊन पोलिसांवर चालून आला, म्हणून स्वसंरक्षणार्थ गोळीबार करावा लागला, असं त्यात होतं.

"माझी मागणी साधी हाय," सुभेदार म्हणाले. "त्या यादीतनं पोराचं नाव काढा. मेलेला माणूस एक नंबरचा आरोपी कसा? आणि ज्यानं गोळी घातली त्याला उभा करा. वर्षभर मी अर्ज लिहितोय. पोच मिळती, उत्तर येत नाही."

"म्हणूनच लेख छापतोय, आबा. चौकशी समिती नेमा, ही मागणी लावून धरायची."

"मग छातीवर लिहा."

"माझ्या बातमीत पळताना असं आलंय."

"वर्षापूर्वीची बातमी कोण ध्यानात ठेवतंय?" ते म्हणाले. मग पहिल्यांदाच आवाज उतरला. "लेख गावात वाचला जाणार. शाळेत लावणार म्हणाले गुरुजी. माझ्या पोराला तेवढं द्या."

मी वही मिटली. चहा घेतला. साखर जास्त झाली होती.

ऑफिसात मी लेख लिहून संपादकांकडे नेला. आमचे संपादक अभ्यंकर. सत्तावन्न वर्षांचे, कायम तपकिरी स्वेटरमध्ये. त्यांनी पान उलटून पाहिलं आणि माझ्यापुढं सरकवलं.

"कोष्टी, ही बातमी आहे. तुमची बातमी वाचून माणूस मान हलवतो आणि चहा पितो. लेख वाचून त्याचा चहा थंड झाला पाहिजे."

"सगळं खरं आहे त्यात."

"खरं आहे हो. पण वर्षभर खरं छापलं आपण, काय झालं? गतिरोधकसुद्धा झाला नाही. सरकारला हलवायचं असेल तर आधी वाचकाला हलवा. बाप सैनिक आहे ना? मग तो बाप येऊ द्या लेखात. मुलगा पडला, तो कसा पडला?"

"पळताना."

"असं लिहून चौकशी समिती मिळते का?" ते म्हणाले. "तासाभरात द्या. पान अडलंय."

मी टेबलावर येऊन बसलो. एक परिच्छेद बदलला. बाकी लेखात गतिरोधकाच्या अर्जाच्या तारखा होत्या, पोलिसांच्या कागदातल्या विसंगती होत्या. त्या तशाच ठेवल्या. बदललेला परिच्छेद मला अजून पाठ आहे. "बंदुका रोखल्या गेल्या तेव्हा भले भले मागे सरले. उत्तम सरला नाही. तो सर्वांत पुढे उभा होता. ज्या बापानं चोवीस वर्षं देशाच्या सीमेवर छाती पुढं केली, त्याचाच तो मुलगा. त्यानं गोळी छातीवर झेलली, पण ती शत्रूची नव्हती." लिहायला चाळीस मिनिटं लागली. अभ्यंकरांनी वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "आता ठीक."

लेख चालला. इतका चालला की मलाच नवल वाटलं. तालुक्यात त्याच्या झेरॉक्स वाटल्या गेल्या. खिरवडीच्या शाळेत गुरुजींनी प्रार्थनेनंतर तो वाचला तेव्हा मास्तरणीबाई वर्गात जाऊन रडल्या, असं कुणी सांगितलं. आमदारांनी मार्चच्या अधिवेशनात तो परिच्छेद विधानसभेत वाचून दाखवला. वर्षभराच्या अर्जांनी झालं नव्हतं ते सात आठवड्यांत झालं. निवृत्त जिल्हा न्यायाधीशांची एकसदस्यीय चौकशी समिती जाहीर झाली.

सुभेदार पेढे घेऊन ऑफिसात आले. पेढे वाटायची वेळ नव्हे हे त्यांनाही कळत होतं. पुडा टेबलाच्या कडेला ठेवून ते म्हणाले, "आणले. आता कुणाला द्यायचे ते द्या." आणि गेले.

समितीचं काम सप्टेंबरात पंचायत समितीच्या सभागृहात सुरू झालं. मुळीकांच्या बाजूनं पाटणे वकील होते. तरुण, फी न घेता आलेले. सुनावणीच्या आदल्या आठवड्यात त्यांनी मला बोलावून परिस्थिती सांगितली.

"गावातला एकही माणूस साक्षीला येत नाही. यायचं म्हणजे आपण फाट्यावर होतो हे कबूल करायचं, आणि दंगलीच्या गुन्ह्यात 'इतर दीडशे' आरोपींची नावं अजून भरायची आहेत. त्या दीडशेत आपलं नाव कोण घालून घेईल?"

"शवविच्छेदन?"

"त्यात दोन्ही जखमा आहेत. छातीवर मोठी, पाठीवर लहान. गोळी शिरली कुठून, बाहेर पडली कुठून, तो रकाना रिकामा आहे. डॉक्टर बदलून कोकणात गेले. समितीनं बोलावलं तर आजारपणाचा दाखला आला." त्यांनी बोटं मोजली. "वैजयंतानं जखम बघितलीय. पण सुभेदार तिचं नाव घालू देत नाहीत. लग्नाची पोरगी, पोलिसांच्या वकिलासमोर उभी करणार नाही म्हणतात. म्हणजे माझ्याकडे दोनच माणसं. एक, ज्यांनी अंघोळ घातली ते सुभेदार. दोन, ज्यांनी पडताना बघितला ते तुम्ही. तुमची पहिल्या दिवशीची बातमी वेळेसकट आहे. ती सोन्यासारखी आहे."

"आणि लेख?"

पाटण्यांनी कपाळ खाजवलं. "लेख हा लेख असतो. जखम सुभेदारांनी सांगितली की लेखाचं महत्त्व उरत नाही."

सुनावणी सोमवारी होती. सकाळी अकराला सुभेदारांना बोलावलं. ते काळा कोट घालून आले होते, छातीवर पदकांची ओळ. पोलिसांच्या बाजूनं सरनाईक वकील होते. वय साठच्या आसपास, आवाज मऊ. ते साक्षीदाराला कधी दरडावत नसत. उलट खुर्ची आहे का, पाणी हवं का, विचारत.

"सुभेदारसाहेब, चोवीस वर्षं सेवा?"

"चोवीस वर्षं, दोन महिने."

"लढाई बघितलीत?"

"एक."

"म्हणजे गोळीची जखम ओळखता. कुठनं शिरली, कुठनं निघाली."

"ओळखतो."

"मुलाला अंघोळ तुम्ही घातलीत."

"मीच."

"वाईट वाटतं विचारायला. पण समितीला कळायला हवं. गोळी कुठून शिरली होती?"

सभागृहात चाळीसेक माणसं होती. बहुतेक खिरवडीची. त्यांतले कितीतरी स्वतः निवृत्त सैनिक, टोप्या मांडीवर ठेवून बसलेले. सुभेदारांनी समितीकडे बघितलं नाही, सरनाईकांकडेही नाही. ते त्या माणसांकडे बघत होते.

"छातीवर," ते म्हणाले.

पाटणे वकील लिहिता लिहिता थांबले.

"छातीवर. म्हणजे तो पोलिसांकडे तोंड करून होता?"

"माझा मुलगा पळणारा नव्हता."

"धन्यवाद, सुभेदारसाहेब," सरनाईक म्हणाले. "पाणी घ्या."

मी मागच्या बाकावरून वैजयंताच्या जागेकडे बघितलं. ती उठून बाहेर गेली होती.

दीड ते अडीच जेवणाची सुट्टी होती. सभागृहामागं चिंचेखाली वैजयंतानं मला गाठलं. तिच्या मागं पाटणे होते, पण ते दोन पावलं लांब थांबले.

"आता तुम्हीच," ती म्हणाली. "तुम्ही बघितलंय ते सांगा. दादा पळत होता म्हणून सांगा."

"आबांनी असं का सांगितलं?"

"तुम्हाला ठाऊक नाही? तुम्हीच तर लिहून दिलं त्यांना." ती चिडली नव्हती, थकली होती. "गावातली माणसं त्यांना आठ महिने नमस्कार घालतायत त्या लेखापायी. त्यांच्यासमोर आता ते काय म्हणणार होते?"

"मी सांगतो," मी म्हणालो.

परत येताना व्हरांड्यात सुभेदार एकटेच बाकावर बसले होते. मांडीवर डबा होता, उघडलेला नव्हता. मला बघून ते जरा सरकले.

"जेवलात?"

"जेवलो, आबा."

"बरं झालं," ते म्हणाले. मी दोन मिनिटं शेजारी बसलो आणि आत गेलो.

पाटण्यांनी माझी साक्ष नीट काढली. गच्ची, अंतर, वेळा. अकरा वीस, अकरा पंचवीस, अकरा एकतीस. मयत पोलिसांकडे तोंड करून की पाठ करून? उसाकडे तोंड करून. म्हणजे पोलिसांकडे पाठ? हो. समितीचे न्यायाधीश प्रत्येक वेळ लिहून घेत होते. मला वाटलं, झालं.

सरनाईक उठले. हातात आमचा पेपर होता.

"कोष्टी, किती वर्षं पत्रकारिता?"

"अकरा."

"हा लेख तुमचाच?"

"हो."

"मी वाचतो. आवाजाबद्दल क्षमा करा, आमदारसाहेबांइतका चांगला नाही." मागं कुणीतरी हसलं. त्यांनी परिच्छेद सावकाश वाचला. "'भले भले मागे सरले. उत्तम सरला नाही. तो सर्वांत पुढे उभा होता.' हे कुणी लिहिलं?"

"मी."

"जानेवारीच्या बातमीत पळत होता. पुढच्या जानेवारीच्या लेखात सर्वांत पुढे उभा होता. दोन्हीखाली नाव एकच. कोणतं खरं?"

"बातमी."

"मग लेख खोटा."

"तो परिच्छेद."

"तो परिच्छेद खोटा. म्हणजे तुम्ही खोटं लिहिता."

"एकदा लिहिलं."

"एकदाच लिहिलं, हे आम्हाला कसं कळणार? तुमच्याच सांगण्यावरून?" ते अगदी प्रेमानं बोलत होते. "आणि का लिहिलं?"

याचं उत्तर चार शब्दांचं होतं. वडलांनी सांगितलं म्हणून लिहिलं. सुभेदार पहिल्या रांगेत बसले होते. त्यांचे हात गुडघ्यांवर होते. त्यांच्या मागं ती निवृत्त माणसं होती.

"वाचकांसाठी," मी म्हणालो.

"वाचकांना रडवायला?"

"सरकारला हलवायला."

"हललं की. त्यामुळंच आज आपण इथं आहोत." सरनाईकांनी पेपर घडी घालून ठेवला. "बरं, लेख सोडू. ज्या बापानं मुलाला अंघोळ घातली त्यांनी सकाळी शपथेवर सांगितलं, गोळी छातीवर लागली, मुलगा पोलिसांसमोर होता. तुम्ही पावणेदोनशे पावलं लांब गच्चीवर. मी तुम्हाला एकच विचारतो. सुभेदार खोटं बोलतायत का?"

सभागृहात पंख्याचा आवाज येत होता. मी सुभेदारांकडे बघितलं. ते सरळ माझ्याकडे बघत होते. डोळे लवत नव्हते. तो चेहरा मी त्यांच्या अंगणात बघितला होता, 'माझ्या पोराला तेवढं द्या' म्हणताना. मला वाटलं, ते तेच पुन्हा मागतायत.

"असं मी म्हणणार नाही," मी म्हणालो.

"मग ते खरं बोलतायत?"

"त्यांनी जवळून बघितलंय."

"आणि तुम्ही?"

"मी लांब होतो."

"म्हणजे तुमचा अंदाज चुकला असेल."

पाटणे उभे राहिले, हरकत घेतली. न्यायाधीशांनी हात वर करून त्यांना बसवलं आणि मला म्हणाले, "उत्तर द्या."

"चुकला असेल," मी म्हणालो.

न्यायाधीशांनी मघाशी लिहिलेल्या वेळांवर पेन ठेवलं. खोडलं नाही, नुसतं ठेवलं.

बाहेर पडलो तेव्हा वैजयंता पायऱ्यांवर होती. मी तिच्याजवळ थांबलो. ती म्हणाली, "सर, तुमची बस पाचची आहे ना? जा, चुकेल." एवढंच. पुढं मी सुनावणीची बातमी लिहिली, दोन स्तंभ. माझ्या साक्षीबद्दल तिच्यात एक वाक्य होतं, आणि तेही अचूक होतं.

समितीचा अहवाल मे महिन्यात आला. प्रत आमच्या ऑफिसात एका बुधवारी दुपारी पोचली. साडेतीनला मी बातमीला बसलो होतो, तेवढ्यात सुभेदार जिना चढून आले. कोट नव्हता, साधा सदरा होता. ते माझ्या टेबलासमोरच्या स्टुलावर बसले.

"आलाय म्हणतात."

"आलाय."

"वाचा."

"आबा, पाटणे वकील समजावून सांगतील."

"तुम्ही वाचा. मला चष्मा लागतो, आणलेला नाही."

चष्मा त्यांच्या खिशात दिसत होता. मी पान काढलं आणि वाचलं. "मयताचे वडील आणि पत्रकार या दोघांच्याही साक्षींचा विचार करता, मयत हा जमावाच्या अग्रभागी व पोलिसांच्या समोर होता, हे सिद्ध होते. सबब गोळीबार परिस्थितीनुरूप समर्थनीय होता. मयताचे नाव आरोपींच्या यादीतून वगळण्याचे कारण दिसत नाही."

"दोघांच्याही," ते म्हणाले.

मी कागद खाली ठेवला.

"मी खोटं बोललो, हे तुम्हाला ठाऊक होतं."

"होतं."

"मग तुम्ही का नाही सांगितलं?"

"आबा, तुमच्यासमोर, सगळ्या गावासमोर तुम्हाला खोटं कसं पाडणार? तुमचा मान..."

"माझा मान." त्यांनी तो शब्द नुसता उच्चारला. मग टेबलावरचा पेपरवेट बाजूला सरकवला. "कोष्टीसाहेब, मला नाही जमलं. समोर सगळी फौजेतली माणसं. आदल्या रात्री पाटण्यांना मी हो म्हणालो होतो. घरनं निघताना वैजूलाही हो म्हणालो होतो. पण पोरगा पळत होता, हे तोंडातनं निघेना. खरं तर पळण्यात काय हाय? गोळीबार सुरू झाला की आडोसा गाठायचा, हे रंगरुटाला पहिल्या महिन्यात शिकवतात. मीच शिकवलंय शेकड्यांनी पोरांना. उत्तम उसाकडं पळाला, ते बरोबरच होतं. मी तिथं असतो तर ओरडून सांगितलं असतं, पळ."

बाजूच्या खोलीत टेलिप्रिंटर चालू झाला आणि थांबला.

"निघेना तोंडातनं," ते पुन्हा म्हणाले. "पण मनात म्हटलं, दुपारी कोष्टी हायत. त्यांनी डोळ्यांनी बघितलंय, घड्याळ लावून बघितलंय. ते सांगतील. मी काय, बाप हाय, म्हातारा हाय, खोटा पडलो तर पडलो. लोक म्हणतील, पोराच्या मायेनं बोलला. तुम्ही साक्षीला उभे होता तेव्हा मी तुमच्याकडं बघत होतो. डोळा हलवला नाही. म्हटलं, आता सांगतील."

बोलण्यासारखं जे होतं ते सप्टेंबरात बोलायचं होतं.

"तुमची चूक नाही," ते म्हणाले. तसं त्यांना वाटत नव्हतं, आणि ते लपवण्याची त्यांनी फार खटपटही केली नाही. ते उठले. सवयीनं सदऱ्याची पुढची बाजू खाली ओढून नीट केली.

"वैजयंता कशी आहे?"

"माझ्याशी बोलत नाही. सैपाक करती, वाढती. बोलत नाही."

तेवढ्यात अभ्यंकर आपल्या खोलीतून बाहेर आले. सुभेदारांना बघून त्यांनी हात जोडले. "सुभेदारसाहेब, आम्ही हे सोडणार नाही. अहवालावर अग्रलेख लिहितो. येत्या जानेवारीला कोष्टींचा पुन्हा मोठा लेख करू. पहिल्यापेक्षा जोरदार."

सुभेदारांनीही हात जोडले. अभ्यंकर पानं बघायला खाली गेले. त्यांच्या चपलांचा आवाज जिन्यावर संपेपर्यंत सुभेदार उभे राहिले, मग माझ्याकडे वळले.

"जानेवारीला काही लिहू नका."

"नाही लिहीत, आबा."

"वाईट वाटून घेऊ नका." लहान पोराला समजवावं तसे ते म्हणाले. "तुम्ही वाईट लिहिता म्हणून नव्हं. फार चांगलं लिहिता, म्हणून."